परदेशांत घडलेलें राष्ट्र

आपल्या हातून घडलेल्या इतिहासाची हकीकत कर्त्या पुरुषानें स्वतःच लिहावी कीं नाहीं, हा वाद जुना आहे. लिहिली तर आत्मस्तुतीचा आरोप येतो. न लिहिली तर ती दुसऱ्याच्या सोयीप्रमाणें लिहिली जाते. चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष टोमाश मासारिक यांनीं लिहिण्याचें पत्करलें. १९१४ ते १९१८ या युद्धवर्षांतील खटपटींचा त्यांचा ग्रंथ १९२५ सालीं चेक भाषेंत निघाला. हेन्री विकहॅम स्टीड यांनीं सिद्ध केलेली इंग्रजी आवृत्ति १९२७ सालीं आली. मूळ नांवाचा अर्थ ‘जागतिक क्रांति’ असा आहे, इंग्रजी नांवाचा ‘राज्याची घडण’ असा. आम्हांस दुसरें नांव अधिक समर्पक वाटतें; कारण राज्य कसें घडतें, आणि तें देशाबाहेर राहून घडवितां येतें काय, हाच या ग्रंथाचा खरा विषय आहे.

मासारिक हे मोराव्हियांत जन्मलेले, एका स्लोव्हाक गाडीवानाचे पुत्र. पुढें प्रागच्या विद्यापीठांत ते तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. चेक राष्ट्राभिमानास ज्यांचा मोठा आधार वाटे तीं ‘प्राचीन’ हस्तलिखितें बनावट आहेत, असें म्हणणाऱ्यांच्या बाजूस १८८६ सालीं उभे राहून त्यांनीं स्वजनांचा रोष ओढवून घेतला. वयाचीं चौसष्ट वर्षें उलटल्यावर, १९१४ च्या डिसेंबरांत, हे सत्यनिष्ठ पंडित ऑस्ट्रियाचें साम्राज्य मोडण्याच्या उद्देशानें देश सोडून निघाले. लंडन, रशिया, सायबेरिया, जपान असे फिरत ते १९१८ च्या वसंतांत अमेरिकेस पोंचले. १८ ऑक्टोबरला वॉशिंग्टनहून स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, १४ नोव्हेंबरला मासारिक अध्यक्ष निवडले गेले, आणि २१ डिसेंबरला ते प्रागला परतले.

ही कथा अद्भुत आहे. पण ग्रंथकार तिला अद्भुतरम्य होऊं देत नाहींत, हा या ग्रंथाचा पहिला गुण. चळवळीस पैसा कोठून आला, हें ते आंकड्यांनिशीं सांगतात. १९१८ च्या एप्रिलअखेर अमेरिकेंतील देशबांधवांनीं दिलेली रक्कम पावणेसात लाख डॉलरांच्या आसपास भरते. आपल्या श्रमाची कमाई या लोकांनीं, जो देश आपण सोडून आलों त्याच्यासाठीं दिली. दुसरा गुण याहून दुर्मिळ. राजकारणाच्या ऐन धामधुमींत मासारिक थांबतात आणि परक्या वाङ्मयांविषयीं विस्तारानें लिहूं लागतात. कित्येकांस हें विषयांतर वाटेल. आम्हांस मात्र तें ग्रंथाचें मर्म वाटतें. ज्या राष्ट्राकडे साहाय्य मागावयाचें त्याचें मन आधीं जाणून घ्यावें, ही त्यांची धारणा होती.

परंतु जेथें ग्रंथकाराची खरी परीक्षा होती, तेथें ते कमी पडले, असें खेदानें म्हणावें लागतें. १९१८ च्या मे महिन्यांत पिट्सबर्ग येथें अमेरिकेंतील चेक आणि स्लोव्हाक मंडळींचा एक करार झाला. नव्या राज्यांत स्लोव्हाकियास स्वतःचा कारभार, स्वतःची विधिसभा आणि स्वतःचीं न्यायालयें असावीं, असें त्यांत म्हटलें होतें. त्यावर मासारिक यांची सही आहे. १९२० च्या राज्यघटनेनें मात्र एकसंध राज्य निर्माण केलें. याविषयीं ग्रंथांत मासारिक म्हणतात तें थोडक्यांत असें, कीं तो परदेशस्थांतील स्थानिक समजुतीचा कागद होता, आणि कांहीं थोड्या असंतुष्टांचें समाधान करण्यासाठीं तो झाला.

या युक्तिवादांत तथ्य नाहीं असें नाहीं. तपशील ठरविण्याचा अधिकार मुक्त झालेल्या जनतेच्या प्रतिनिधींचा, असें करारांतच नमूद होतें. परदेशस्थ मनुष्य मायभूमीस आपण सोडली त्या दिवसाच्या रूपांतच पाहतो, आणि त्याच्या निर्णयाचीं फळें त्याला चाखावीं लागत नाहींत, हेंही खरें. पण मग प्रश्न असा, कीं ज्यांचा पैसा राष्ट्राचा म्हणून घेतला, त्यांना दिलेलें वचन तेवढें खाजगी कसें? परदेशांत केलेली सही जाहीरनाम्याखालीं असली तर राष्ट्राची, आणि करारनाम्याखालीं असली तर व्यक्तीची, हा भेद बनावट हस्तलिखितें उघडीं पाडणाऱ्या लेखणीस शोभत नाहीं. १९३८ सालीं अमेरिकेंतील स्लोव्हाकांचें शिष्टमंडळ तोच कागद घेऊन स्लोव्हाकियांत आलें. स्वायत्तता त्याच वर्षीं मिळाली, पण म्यूनिकच्या करारानंतर, दुबळ्या झालेल्या राज्याकडून. आणि १९३९ च्या मार्चांत तें राज्यच मोडलें. या मोडण्यास हिटलरचें बळ कारण झालें, कराराची उपेक्षा नव्हे. पण न पाळलेलें वचन शत्रूच्या कामीं आलें, हें नाकारतां येत नाहीं.

मराठी वाचकास या कथेची आणखी एक बाजू ठाऊक असावी. त्याच काळीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्षाचे हिंदी देशभक्त आपल्या देशासाठीं खटपट करीत होते. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे त्यांच्यांतलेच. मासारिक यांचे अमेरिकेंतील सहकारी एमानुएल व्होस्का यांच्या हेरमंडळानें हिंदी क्रांतिकारकांच्या व जर्मनांच्या मसलतीची वार्ता ब्रिटिशांस पुरविली. एका पारतंत्र्यांतील राष्ट्राच्या सुतांनीं दुसऱ्याची वाट अशी अडविली. यांत द्वेष नव्हता. जर्मनांचा मित्र तो आपला शत्रु, एवढाच हिशेब होता. मासारिक यशस्वी होऊन परतले, आणि खानखोजे मेक्सिकोंत शेतीच्या संशोधनांत रमले. दोघांच्या देशप्रेमांत उणें-अधिक ठरविण्यास आम्ही धजत नाहीं. फरक होता तो कोणाच्या शत्रूशीं कोणाचें वैर जुळलें याचा.

म्हणून हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि आदरानें वाचावा. पण ज्या घरांतील मुलें आज दूरदेशीं आहेत, त्यांनीं त्यांतील पिट्सबर्गचें प्रकरण दोनदां वाचावें. दूर गेलेल्यांस मायभूमीसाठीं झटण्याचा अधिकार आहे. आणि तिनें त्यांची मदत घेतली असेल, तर त्यांना दिलेला शब्द निदान आठवण्याचें ऋण तिच्यावर उरतें.