हत्यार तटस्थ असतं का?

हत्यार तटस्थ असतं, सुरीनं भाजी चिरता येते आणि गळाही, असं आपण सहज म्हणून जातो. आज हे विधान तपासू. आणि तपासायला देशही तटस्थच घेऊ : स्वित्झर्लंड.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्विस हवाई दलानं बॉम्ब नेऊ शकणारी फोकर विमानं घेतली, परवाना मिळवून देशातच बांधलीही. त्या काळच्या विमानी बॉम्बच्या फ्यूजची एक सर्रास रचना बघा. टोकाला छोटा पंखा. बॉम्ब सुटला की तो वाऱ्यानं फिरतो, आटे उलगडतात, आणि बॉम्ब बराच खाली गेल्यावरच आतली टोचणी मोकळी होते. मग आदळला की स्फोट. काही फ्यूजांत स्फोट क्षणभर लांबवायची सोय असे, म्हणजे छप्पर फोडून आत गेल्यावर फुटावा.

आता विचारू या : पंखा कोणासाठी? वैमानिकासाठी. विलंब कोणासाठी? घरात बसलेल्यांसाठी. ‘सेफ्टी’ हा शब्द इथं टाकणाऱ्याच्याच बाजूचा आहे. सुरी धरणाऱ्याचंही बोट कापते. इथं कोण वाचावं हे कारखान्यातच ठरलंय. मग तटस्थता उरली कुठं?

शब्दांनाही असे पंखे असतात. त्याच देशातल्या जिनिव्हात १९३२ पासून निःशस्त्रीकरण परिषद भरली. हवाई बॉम्बफेक बंद करावी, अशी चर्चा झाली. १९३३ च्या ब्रिटिश मसुद्यानं ती मान्य केली, पण ‘दूरच्या प्रदेशांतील पोलिसी कामा’चा अपवाद ठेवून. दूरचे कोणापासून? लंडनपासून. वायव्य सरहद्दीवरच्या माणसाला आपलं घर दूर नव्हतं.

आता आपल्या मुलखात येऊ. ७ जून १९४३ ला तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवली. जवळ काठ्या, विळे आणि दोन-तीन गावठी बॉम्ब होते, असं कॅप्टन भाऊ लाड सांगत. ‘लूट’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. लोकांचाच पैसा परत आणला, असं त्यांचं म्हणणं. गावठी बॉम्बला कसला पंखा? फेकणाऱ्याचाही जीव टांगणीलाच.

इथं आपल्या सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना टाळी वाजवावीशी वाटेल. जरा थांबू या. स्वतःचा जीव धोक्यात घातला म्हणून कृती न्याय्य ठरत नाही. धाडसी दरोडेखोरही जीव धोक्यात घालतो. प्रतिसरकारच्या शिक्षेतही तळपायावर मार खाणारा माणूस त्या क्षणी असहायच होता. फरक शोधायचा तर तो धाडसात नाही. ज्याला शिक्षा करायची त्याचं नाव-गाव ठाऊक होतं का, त्याचं म्हणणं ऐकलं का, आणि चूक झाली तर जाब द्यायला आपण त्याच गावात राहणार होतो का, यात शोधावा लागतो.

हेच तीन प्रश्न वरून पडणाऱ्या बॉम्बला विचारा. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ येतात. प्रतिसरकारलाही ते प्रकरणागणिक विचारायला हवेत, आपली माणसं म्हणून सूट न देता.