आईची ओवी, शाहिराचा आवाज आणि लेकीची लेखणी

गाण्याची समीक्षा करताना आपण शब्द पाहतो, चाल पाहतो, गायकाचा गळा पाहतो. ते गाणे ऐकताना कोण आठवते, हे मात्र पाहत नाही. खरे तर बहुतेकांच्या मनात गाणे टिकते ते आई किंवा बाप यांच्यामुळेच. मुस्लिम मराठी साहित्याचा विचार करताना हा धागा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो शाहीर अमर शेख यांच्या घराण्यात स्पष्ट दिसतो.

अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. जन्म 1916 चा, बार्शीचा. घरात दारिद्र्य होते. पण आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा वारसा त्यांना मिळाला. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकू लागला. ओवी ही एकटीने, दळता दळता, स्वतःशी म्हणायची गोष्ट. पोवाडा हजारोंसमोर छाती फुगवून म्हणायचा. एकाच्या पोटातून दुसरा कसा आला, हा प्रश्न आमच्या समीक्षकांनी फारसा विचारला नाही. आम्हाला वाटते, शाहिराचा गळा मैदानात तयार झाला असेल, कान मात्र आईजवळच तयार झाला. मराठी ही मुसलमानांची मातृभाषा आहे का, असे आजही अधूनमधून विचारले जाते. एका मुसलमान आईच्या गाण्यावर वाढलेला मुलगा 1960 पूर्वीच्या त्या लढ्याचा आवाज झाला, याहून वेगळे उत्तर आम्हाला द्यावेसे वाटत नाही.

या वारशाचे दुसरे टोक म्हणजे त्यांची कन्या मलिका अमर शेख. 1969 मध्ये शाहिरांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. 1984 मध्ये आलेले त्यांचे आत्मकथन 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' गाजले ते त्यातील वैवाहिक जीवनाच्या कथनामुळे. बापाच्या छायेतले बालपण वाचक भराभर उलटून पुढे जातात. आमच्या मते तिथे थांबायला हवे. नंतरचे सारे कोसळणे किती खोल होते, हे त्या पहिल्या आधाराशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शाहिरांच्या चरित्राला मलिकाताईंनी नाव दिले 'सूर एका वादळाचा'. सभेतल्या लोकांनी वादळ पाहिले; सूर ऐकू येतो तो जवळच्या माणसाला. ज्याच्यावर साऱ्या महाराष्ट्राचा हक्क, अशा बापाला गर्दीतून परत घरी आणण्याचे काम लेकीने केले. तरीही त्यांची स्वतःची कविता शाहिरी वळणाची नाही. 'वाळूचा प्रियकर' पासून ती मुक्तच्छंदात, एकट्या बाईच्या आवाजात बोलते. काहींना यात वारसा तुटलेला दिसेल. आम्हाला उलट वाटते. चाल उचलणे सोपे असते. निर्भयपणा उचलणे कठीण. त्यांनी तो उचलला आणि बापाचे पूर्ण नाव आपल्या नावात कायम ठेवले.

आता आमच्या वसई-विरारकडे पाहू. गिरणगावात शाहिरांना ऐकणारी पिढी होती. 1982 च्या संपानंतर गिरणगाव विस्कटला आणि कित्येक कुटुंबे नालासोपारा, विरारच्या चाळींत आणि इमारतींत येऊन राहिली. त्या घरांत आज एखादे जुने कामगारगीत लागले की मुलांना बाप आठवतो: पाळीवरून आलेला, दाराशी चप्पल काढणारा, हलक्या आवाजात तेच गुणगुणणारा. ही आठवण गोड आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. बाप आठवतो आणि बाप ज्या मागणीसाठी गात होता ती मात्र विसरते. संपाचे गाणे अंगाई होऊन बसते. चांगल्या आठवणीने दोन्ही जपले पाहिजे, माणूस आणि त्याचे म्हणणे.

दुसरी बाजू इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरांची. सोपारा हे तर प्राचीन शूर्पारक बंदर. या किनाऱ्यावरच्या आयाबायांनी लग्नात, हळदीत, पाळण्याशी जे म्हटले, त्यातले लिहिले गेलेले किती? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तेवढ्या आस्थेने आमच्याच घरातल्या गाण्यांकडे आम्ही पाहिले आहे का? संगीत असावे की नसावे, वाद्य चालेल की नाही, हा वाद आमच्यात जुना आहे. पण जात्याशी वाद्य नव्हतेच. होता तो आईचा श्वास आणि दगडाची घरघर.

मुनेरबींची ओवी आज आपल्याला ऐकता येत नाही. तिचा पुरावा फक्त मुलाच्या गळ्यात उरला. प्रत्येक आईला असा शाहीर मुलगा मिळत नाही. म्हणून वाचकांना आमचे सांगणे आहे की, घरात सत्तरी ओलांडलेली आई, फूफी, नानी असेल तर या ईदला तिच्याजवळ बसा, तिला आठवेल ते म्हणायला लावा आणि हातातल्या फोनवर ते टिपून घ्या. कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगाची, हेही विचारून लिहून ठेवा. आमच्या साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याला पुढे याच वह्या लागणार आहेत.