वासंतिक व्यक्तिचित्र आणि उबेची ओढ

छायाचित्रकलेत ‘वासंतिक व्यक्तिचित्र’ हा एक रूढ प्रकार मानला जातो. बहरलेल्या झाडाखाली उभी असलेली किंवा हाती फुले घेऊन बसलेली व्यक्ती, अंगावर हलकी वस्त्रे, मृदू प्रकाश आणि मुद्रेवर काहीशी उत्कंठा, ही त्याची सर्वपरिचित लक्षणे होत. ही उत्कंठा नेमकी कशाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रसशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर अशा चित्रातील व्यक्ती ही भावाचा आश्रय असते, ऋतू हा उद्दीपन विभाव असतो आणि मुद्रा हा अनुभाव असतो. या तिहींत अंतर पडले, म्हणजे ऋतू एक भाव जागवीत असेल आणि मुद्रा दुसराच भाव दाखवीत असेल, तर फुले ही केवळ सजावट उरते. नाशिकच्या हवेत आणि प्रकाशात हे अंतर पडते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

या प्रकाराचे मूळ शीत प्रदेशात आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. परंतु त्यांच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर. कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून त्यांनी आपले चित्रगृह केले. त्यांचे ‘मे डे’ हे १८६६ चे चित्र या प्रकाराचा नमुना म्हणून घेता येईल. तेथे फुलांना जो अर्थ आहे तो हवेने दिलेला आहे. पन्नास अंशांहून अधिक उत्तरेस असलेल्या त्या बेटावर सूर्य भर उन्हाळ्यातही क्षितिजापासून ६३ अंशांच्या वर चढत नाही, आणि हिवाळ्यात तर तो जेमतेम दर्शन देतो. त्या काळच्या ओल्या काचपट्टीला प्रकाश भरपूर लागे व चित्रविषयाला मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसावे लागे. तेव्हा वसंताची वाट जशी बसणारी व्यक्ती पाहत असे, तशीच ती काचपट्टीही पाहत असे. उबेची ओढ ही तेथे कविकल्पना नव्हती. ती कलेच्या साधनांतच भिनलेली होती.

हाच संकेत उष्ण प्रदेशात नेला म्हणजे काय होते, याचा पुरावा खुद्द कॅमेरॉनबाईंच्याच चरित्रात मिळतो. १८७५ साली त्या सिंहलद्वीपी राहावयास गेल्या आणि १८७९ मध्ये तेथेच निवर्तल्या. तेथील त्यांची चित्रे संख्येने थोडी आहेत. मेरिअन नॉर्थ या वनस्पतिचित्रकर्तीने तेथे त्यांच्यापुढे बसल्याचा अनुभव आपल्या आठवणींत नमूद केला आहे. पारा ९६ अंश फॅरनहाइटवर असताना नॉर्थबाईंच्या अंगावर काश्मिरी लोकरीची वस्त्रे गुंडाळण्यात आली, केस मोकळे सोडण्यात आले, नारळीच्या टोकदार झावळ्या डोक्याशी टोचत राहिल्या. आणि वर, अगदी स्वाभाविक दिसावे अशी सूचना झाली! हा प्रसंग विनोदी खरा, परंतु त्याचे समीक्षात्मक मूल्य मोठे आहे. येथे कलावतीची प्रतिभा उणी पडलेली नाही. तिचे संकेत आणि तेथील हवा यांचे बिनसले आहे. लोकर ज्या उबेची आठवण करून देते ती ऊब तेथे कोणालाच नको होती.

आता नाशिकचा विचार करू गेल्यास प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. उबेची ओढ येथे मुळीच नाही, असे म्हणता येत नाही. निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वाढीस लागलेले द्राक्षाचे घड अशा रात्री धोक्यात येतात. मण्यांना तडे जातात. म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून ऊब व धूर धरून ठेवतात. उबेची खरीखुरी आर्तता पाहावयाची असेल तर ती शेकोटीपाशी जागणाऱ्या या माणसाच्या चेहऱ्यावर पाहावी. परंतु हा काळ पौष-माघाचा आहे, चैत्राचा नव्हे. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही लोकोक्ती या ओढीचा शेवट फाल्गुनी पौर्णिमेलाच करून टाकते.

त्यानंतर येणारा वसंत हा मराठी मुलखात उबेचा नव्हे, गारव्याचा शोध घेणारा ऋतू आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातील कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, वाळ्याचे पाणी हे सारे उपचार दाह शमविणारे आहेत. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला असो वा नाशकात गोदाकाठी भरणारी व्याख्यानमाला असो, ‘वसंत’ या शब्दाशी येथे निगडित झाली आहे ती उन्हाळ्यातील संध्याकाळ. वनश्रीचे रूपही निराळे. पळस आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. पालवीची मृदू पार्श्वभूमी त्या फुलांना लाभत नाही. प्रकाशही निराळा. वीस अंश अक्षांशावरील या नगरीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणींत काळ्या छाया पडतात. येथील छायाचित्रकाराला ऊन मिळवायचे नसते, ते गाळून घ्यायचे असते.

असे असता जुन्या चित्रगृहांतील रंगविलेल्या पडद्यांवर विलायती उपवने दिसावीत, आणि आजही विवाहपूर्व छायाचित्रांत जोडप्यांनी भर फाल्गुनात गळ्याभोवती लोकरी वस्त्रे घ्यावीत, यात आश्चर्य नसले तरी समीक्षकाने सावध व्हावे असे बरेच आहे. पडद्यावरची फुले पाहून चित्राला ‘वासंतिक’ ठरविणे म्हणजे मुद्रा न वाचता नेपथ्य वाचणे होय.

यावर एक आक्षेप संभवतो. कादंबरी आणि सुनीत हे प्रकारही बाहेरून आले व येथे रुजले. मग वासंतिक व्यक्तिचित्रानेच काय अपराध केला? आक्षेप रास्त आहे. तथापि कादंबरी रुजली ती तिने येथील माणसे आपल्यात घेतली म्हणून. सुनीत रुजले ते मराठी वृत्तांत उतरले म्हणून. छायाचित्राने जे आत घ्यावयाचे ते येथील ऊन. ते न घेता केवळ संकेत उचलला, तर रोप आणले आणि माती मात्र तिकडचीच ठेवली, असे होईल.

हे रुजणे शक्य आहे, याची साक्ष नाशिक जिल्ह्यातच मिळते. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चलच्चित्राकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. १९१२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे इंग्लंडात वसंत येऊ घातला असताना, ते विलायतेत होते. परत येताना त्यांनी तंत्र आणले, ऋतुसंकेत आणले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोड्या थोड्या चौकटींनी टिपली. त्यात बहर नाही, उपवन नाही. आहे ते केवळ कालाने घडविलेले रूपांतर. पुढे नाशकात घडलेल्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी त्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी प्रेक्षकांसमोर येते आणि कथेपूर्वी तिच्या चेहऱ्यावरील भाव एकामागून एक पालटत जातात. हे व्यक्तिचित्रच आहे, आणि त्याला ऋतूचा एकही अलंकार लागलेला नाही. रोप आणि चेहरा या दोन्ही ठिकाणी फाळक्यांनी शोधला तो बदल. आणि ऋतू म्हणजे तरी दुसरे काय?

वासंतिक व्यक्तिचित्राची कसोटी यातून हाती येते. ऋतू हा पार्श्वभूमीवर नव्हे, मुद्रेवर उमटलेला असावा. नाशिकच्या वसंतात ती मुद्रा किंचित मिटलेल्या डोळ्यांची असेल, सावलीकडे वळलेली असेल. तिच्यात सरत्या गारव्याची हुरहूर असेल आणि येऊ घातलेल्या दाहाची चाहूल असेल. उबेची ओढ दाखवायची असेल, तर छायाचित्रकाराने माघातील पहाटेच द्राक्षमळ्यात जावे. प्रत्येक भावाला त्याचा महिना असतो, आणि तो पंचांगाइतकाच माणसाच्या चेहऱ्यावरही वाचता येतो.