चिलखताच्या आत कोण?

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची आपली रीत सुरतेत स्थायिक झाल्यावरही सुटली नाही. दगडमाती, तिच्यावर ओले गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव आणि शिखरावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती. गेल्या दिवाळीत मात्र आमच्या किल्ल्याच्या दरवाजावर मावळ्यांऐवजी वीतभरही उंची नसलेले दोन यंत्रयोद्धे उभे राहिले. नातवाने ते लेगोच्या सुट्या ठोकळ्यांतून स्वतः जुळवले होते. माझी पहिली प्रतिक्रिया नापसंतीची होती. तिचाच फेरविचार येथे मांडत आहे.

या महाकाय यंत्रयोद्ध्यांचे एक प्रमुख घराणे जपानी आहे. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाईल सूट गंडम’ ही चित्रमालिका आली आणि १९८० मध्ये बान्दाई कंपनीने तिच्यातील यंत्रांच्या जोडणीच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. ठोकळ्यांतून असे योद्धे रचण्याचा छंद आता देशोदेशी पसरला आहे. मोजक्या ठोकळ्यांत खांदा, गुडघा, पाऊल सुचवणे ही अल्पाक्षरी कलाच होय, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप प्रमाणाविषयी आहे. कथेतील गंडम अठरा मीटर उंच आहे. १/१४४ या प्रचलित प्रमाणात तो साडेबारा सेंटिमीटरचा होतो, तर माणूस जेमतेम बारा मिलिमीटरचा, म्हणजे एका ठोकळ्याहून किंचित उंच. परिणामी रचनेत तोफा मावतात आणि माणूस गळतो. मूळ कथेत त्या यंत्रात पंधरा वर्षांचा मुलगा बसलेला आहे. युद्धाने त्याचे काय होते, हाच तिचा गाभा आहे. केवळ शस्त्रांनी लादलेली प्रतिकृती कवच उचलते आणि कथा टाकून देते.

सुरतकरांना हा प्रश्न परका वाटू नये. तापीकाठचा आपला किल्ला खुदावंदखानाने सोळाव्या शतकात बांधला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल सुभ्याचा अधिकारी इनायतखान त्याच किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला शाबूत राहिला. शहर लुटले गेले. चिलखत कितीही भक्कम असो, आत कोण आहे आणि बाहेर कोण राहिले, हे विचारल्याविना त्याचे मोल ठरत नाही. घरी महाराजांचा जयजयकार आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर त्या लुटीच्या आठवणी, अशा दोन्ही गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या कुटुंबांना हे अधिक उमगावे.

या कसोटीवर मातीचा किल्ला सरस ठरतो. त्याच्या पायथ्याशी गवळण असते, भाजीवाली असते, विहीर असते. लढाईच्या बाहेरची माणसे तेथे विसरली जात नाहीत. यंत्रयोद्ध्यांच्या रचनेत ही वस्ती बहुधा नसते. दोष ठोकळ्यांचा नव्हे, रचणाऱ्याच्या नजरेचा आहे, आणि नजर बदलता येते.

मी नातवाला एवढेच विचारले, “याच्या आत कोण आहे रे?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने योद्ध्याच्या छातीवरची तोफ काढली आणि त्या खाचेत एक बारीक पिवळा ठोकळा बसवला. “हा चालवणारा, आजोबा. पण आता गोळे कमी पडतील.”

खरेच, योद्धा पूर्वीपेक्षा दुबळा दिसू लागला होता. रचना म्हणून मात्र मला तीच उजवी वाटते. भाऊबिजेपर्यंत ती पायथ्याच्या विहिरीशेजारी, गवळणीजवळ उभी होती.