कुतूहलाची अभिरुची
रसायनीपासून जवळच, पेण तालुक्यात, गागोद्याच्या रानात मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. तीन वर्षे त्यांस नाव नव्हते. फारशी चर्चाही नव्हती. ऑगस्ट २०१५ मध्ये ते मुंबईच्या झेवियर कॉलेजात शिकलेल्या शीना बोरा हिचे असल्याचे पोलिसांनी सांगितले, धनिक घरातील माणसांस अटक झाली, आणि वृत्तपत्रांचे रकाने ओसंडले.

या विपुल लेखनात घराण्याची नाती, पैसा, पोशाख सारे आहे. मृत मुलगी तेवढी नाही. रहस्यकथेतील प्रेत केवळ निमित्त असते, कारण ते कल्पित असते. खऱ्या मृत्यूस तीच रीत लावणे आम्हांस निंद्य वाटते. दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. मृतास नाव नसतानाच ‘ही कोणाची लेक?’ असे जे विचारते, तेच कुतूहल आम्ही सुसंस्कृत मानतो.