डब्यावर काय लिहिले आहे?

मे महिन्याच्या अखेरीस बारावीतला एक विद्यार्थी पिशवीत तीन डबे घेऊन आमच्याकडे आला. पावसाळी बंदीसाठी वडिलांची फायबरची होडी किनाऱ्यावर ओढली होती. तिचा जुना रंग काढायचा होता आणि पुढच्या बंदिस्त कप्प्यातली बुरशी घालवायची होती. डबे दुकानदाराने 'बघा, पसंत पडला तर ठेवा' म्हणून दिलेले. "सर, यातला कुठला घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न. उत्तर देण्यासाठी आम्ही ते डबे परीक्षणाला आलेल्या पुस्तकासारखे वाचले. कंपन्यांची नावे देत नाही. अशा बहुतेक डब्यांची भाषा साधारण एकच असते.

पहिला डबा रंग काढण्याच्या दाट द्रावाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन दावे होते : कोणताही रंग, कोणताही पृष्ठभाग, दहा मिनिटांत.

'कोणताही रंग' हे शब्द लिहिणाऱ्याने रंगाचा विचार केलेला दिसत नाही. गॅरेजमध्ये ज्याला अजून 'ड्यूको' म्हणतात तो नायट्रोसेल्युलोजचा रंग केवळ द्रावक उडून वाळतो, म्हणून थिनरचा बोळा घासला की तो पुन्हा विरघळून कापडाला लागतो. तेलाचा एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. तो सहज विरघळत नाही, पण त्यातले एस्टर बंध कॉस्टिक सोड्याने तुटतात आणि रंगाचा अक्षरशः साबण होतो. दोन डब्यांतले द्रव मिसळून लावायच्या इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रंगात रेणूंच्या साखळ्या आडव्या बंधांनी जाळ्यासारख्या बांधलेल्या असतात. हे जाळे द्रावकाने फार तर फुगते, विरघळत नाही. वर्गात हा फरक सहज दाखवता येतो. खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना थोड्या ॲसिटोनमध्ये थर्मोकोलचा तुकडा टाकावा, तो बघता बघता बसतो. त्यातच बेकेलाइटच्या जुन्या स्विचचा तुकडा टाकावा, त्याला काहीही होत नाही. डबा निवडण्याआधी आपला रंग यांपैकी कोणता हे थिनरच्या बोळ्याने पाहायचे असते, आणि हे साधे वाक्य डब्यावर कुठेच नव्हते.

'कोणताही पृष्ठभाग' हा दावा तर घातकच. गाडीच्या लोखंडी पत्र्यावर असा द्राव चालतो. रबरी पट्ट्या, प्लॅस्टिकचा बंपर आणि दिव्यांच्या काचा (त्याही आता प्लॅस्टिकच्याच असतात) झाकल्या म्हणजे झाले. फायबरच्या होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, हा स्वतःच पॉलिएस्टरचा असतो. जोरदार द्रावकाला रंग कुठे संपला आणि होडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. एका ओळखीच्या मेस्त्रींनी कॉस्टिक सोड्याचा सल्ला दिला होता. पण तो पॉलिएस्टरचेही एस्टर बंध तोडतो, ॲल्युमिनियमच्या भागांना खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. लाकडी होडीत तो मुरून बसला तर पुढचा तेलरंगही सोलून काढतो.

'दहा मिनिटांत' हा दावा मात्र खरा असावा, आणि आम्हाला काळजी त्याचीच वाटली. घटकांत डायक्लोरोमिथेन होते. त्याचा रेणू लहान. तो रंगाच्या थरात चटकन शिरतो, थर फुगतो, सुरकुततो आणि उचलला जातो. ते साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून उडून जाऊ नये यासाठी द्रावात मेण घातलेले असते. (हे मेण नीट पुसले नाही तर नवा रंग धरत नाही.) त्याचा रेणुभार विद्यार्थ्यांना काढायला सांगावा : ८५. हवेचा सरासरी २९. म्हणजे वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती खोलगट जागेत पाण्यासारखी साचते. फुप्फुसांतून रक्तात गेल्यावर तिच्यापासून शरीरातच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढताना या रसायनामुळे १३ कामगार दगावल्याची नोंद आहे. युरोपीय संघाने २००९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याच्या वापरावर निर्बंध घातले. अमेरिकेत २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना त्याची विक्री बंद झाली.

होडीचा कप्पा म्हणजे बाथटबच, शिवाय वर झाकण. आत शिरायला घरात सर्वांत सडपातळ कोण, असे आम्ही विचारले. "मीच की," तो म्हणाला. सावधगिरीची ओळ डब्यावर होती. तळाशी, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत : हवेशीर जागी वापरा. दावे मात्र मराठीत, बोटभर उंचीचे. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, हेही कुठे लिहिलेले नव्हते.

दुसरा डबा 'बायोडिग्रेडेबल', बेन्झिल अल्कोहोलचा. हा सावकाश काम करतो, तास-दोन तास ठेवावा लागतो, पण वाफेचा धोका बराच कमी. तक्रार त्या एका विशेषणाबद्दल आहे. कुजतो तो डब्यातला द्राव. सुटून आलेला रंग नव्हे. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले बसू नयेत म्हणून लावलेल्या रंगात बहुधा क्युप्रस ऑक्साइड असते, म्हणजे तो मुळात विषारी म्हणूनच बनवलेला. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. हा लगदा वाळूत गेला की पहिल्या भरतीला समुद्रात.

तिसरा डबा बुरशीचा : '९९.९ टक्के जंतू नष्ट'. दहा लाखांतले ९९.९ टक्के गेले तरी एक हजार उरतात; ओल असेल तर त्यांना पुन्हा वाढायला फार दिवस लागत नाहीत. शिवाय हा आकडा बहुधा टणक, गुळगुळीत पृष्ठभागावरच्या जिवाणूंचा असतो. गाडीच्या सीटमधल्या स्पंजात किंवा दोरखंडात रुजलेल्या बुरशीचा नव्हे. आत सोडियम हायपोक्लोराइट होते. ते डाग पांढरे करते म्हणून बुरशी गेल्यासारखी दिसते. शिलाईचा दोरा त्याने कुजतो, धातू गंजतो. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडबरोबर ते मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. हा इशाराही इंग्रजीतच.

तिन्ही डबे परत गेले. कप्प्याचे झाकण काढून ठेवले, कुजलेला स्पंज फेकला, आतून साबणाच्या पाण्याने घासून चार दिवस उन्हात सुकवले. पाऊस लागायच्या आत ते जमले. तळाचा रंग होडीखाली ताडपत्री पसरून, पाण्याचा पॉलिश पेपर हाताने घासून काढला. सहा दिवस लागले. वडील वैतागले, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ताडपत्रीवरचा लगदा सुकवून एका गोणीत भरला आहे. ग्रामपंचायतीत विचारले तर तो कुठे द्यायचा हे कोणाला सांगता आले नाही. गोणी अजून त्यांच्या जाळ्यांच्या खोपीत आहे.