‘राजा हरिश्चंद्र’ : शैली आणि कच्च्या फितीचा हिशेब

मूकपटांच्या मराठी विवेचनात एक अभिप्राय रूढ होऊन बसला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या पटात कॅमेरा एके जागी स्थिर असतो, पात्रे प्रेक्षकाभिमुख उभी राहतात. सबब दादासाहेब फाळके यांनी रंगभूमीच पडद्यावर उतरविली, असा तो अभिप्राय. त्यात तथ्यांश नाही असे नव्हे. परंतु शैलीविषयी निर्णय देण्यापूर्वी ती कोणत्या साधनांतून निघाली, याचा हिशेब मांडावयास हवा. तोच बहुधा मांडला जात नाही.

फाळके यांनी १९१२ साली लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी केला. तो हाताने फिरवावयाचा. त्यांना मिळणाऱ्या कच्च्या फितीस कडेची छिद्रे नसत. ती अंधारात यंत्राने पाडावी लागत आणि हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात व प्रत्येक चौकटीस दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे असतात. हा पट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा. म्हणजे त्याच्या एकाच प्रतीत ४,७३,६०० छिद्रे झाली. मूळ निगेटिव्हची गणना निराळीच. सेकंदास सोळा चौकटी या गतीने एक फूट म्हणजे एक सेकंद. फसलेला प्रसंग पुन्हा घ्यावयाचा तर तितकी विलायती फीत वाया जावयाची. आणि प्रसंग साधला की फसला, हे फीत धुऊन होईपर्यंत कळावयाचे नाही. अशा स्थितीत कॅमेऱ्याची स्थिरता हे केवळ नाट्यसंस्काराचे लक्षण मानणे घाईचे ठरेल.

तथापि हा युक्तिवादही फार ताणता येत नाही. भांडवल मिळविण्यासाठी फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा जो छोटा पट केला, तो दिवसांमागून दिवस थोडथोड्या चौकटी टिपून सिद्ध केलेला होता. त्यास फीत अल्प लागली. पण जे त्यात दिसले ते कोणत्याही रंगमंचावर दाखविता येणारे नव्हते. तसेच ‘कालियामर्दन’ (१९१९) या पटाच्या प्रारंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिचा चेहरा जवळून दिसतो व त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. जवळचे दृश्य फाळके यांस अवगत होते, हे उघड आहे. तेव्हा पौराणिक पात्रांची प्रेक्षकाभिमुखता हे अज्ञान नव्हे, आणि सर्वस्वी टंचाईही नव्हे. देवदर्शनास सरावलेल्या प्रेक्षकाची अपेक्षा तीत धरलेली दिसते.

खरी अडचण पुराव्याची आहे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे या पटाचे पहिले व शेवटचे रीळ पाहावयास मिळते. मधली दोन नाहीत. उपलब्ध भाग १९१३ चा की १९१७ च्या पुनर्निर्मितीचा, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. तुटक ताम्रपटाच्या चार ओळींवरून भाषेचे व्याकरण कोणी लिहीत नाही. चित्रपटसमीक्षेत मात्र तसे सर्रास घडते. त्यात भर प्रक्षेपणाच्या गतीची. बोलपटाच्या चोवीस चौकटींच्या गतीने दाखविल्यास मूळचा एक तासाचा पट सुमारे एक्केचाळीस मिनिटांत आटोपतो आणि प्रत्येक हावभाव दीडपट वेगाने होतो. तारामतीची भूमिका करणाऱ्या साळुंके यांच्या अभिनयास ‘भडक’ हे विशेषण लावणाऱ्यांनी तो कोणत्या गतीने पाहिला, हे आधी नमूद करावे.